वाचकांचे प्रश्न : पालीची नोंद केवळ गावाच्या नावावर थांबू नये

कोकणातून अलीकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाकडे वळणारी आहेत. एखादी पाल किंवा सरडा कोठून कोठवर आढळतो हे कसे ठरवावे आणि त्याची नोंद कशी करावी, हा तो विषय. म्हणून या अंकात ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या शाळेमागे जांभ्याचा मोठा सडा, म्हणजे उघड्या कातळाचे पठार, आहे. पावसाळा संपल्यावर नववीच्या विद्यार्थ्यांना तेथे नेले असता एका सपाट दगडाखाली पाठीवर पांढुरके पट्टे असलेली लहान पाल दिसली. अशा पालीचे स्थान एका पुस्तकात केवळ ‘रत्नागिरी जिल्हा’ एवढेच दिलेले आहे. आमची नोंद नवी ठरेल का, आणि ती कशी करावी?
— एक शिक्षिका, राजापूर तालुका

उत्तर : आपल्या वर्णनावरून ही हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस ही पाल असण्याची शक्यता आहे, मात्र छायाचित्र पाहिल्याशिवाय तसे निश्चित म्हणता येणार नाही. ही जाती कोकणचीच आहे. ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले या गावच्या नमुन्यांवरून तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले, ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. त्या वेळी तिला टेराटोलेपिस या वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, ठेवले होते. पुढे २००८ साली डीएनएच्या आधारे तो वंश हेमिडॅक्टिलसमध्ये विलीन झाला. त्यामुळे जुने संदर्भ शोधताना दोन्ही नावांनी शोधावे लागते, नाहीतर निम्म्या नोंदी हातून निसटतात. तिच्या प्रसाराविषयी आणि तिच्यातील वैविध्याविषयी त्याच नियतकालिकात २००९ साली एक स्वतंत्र टिपणही आले आहे. आपली नोंद नवी आहे की नाही हे त्याच्याशी ताडून पाहिल्यावरच सांगता येईल.

जुन्या संदर्भांतील ‘रत्नागिरी जिल्हा’ या शब्दांबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधीच्या लेखनातील रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, सावंतवाडी हे सगळे येत होते. एवढ्या मोठ्या प्रदेशाचे नाव लिहिलेली नोंद नकाशावर नेमकी कोठे ठेवायची हा प्रश्न आजच्या अभ्यासकापुढे उभा राहतो, आणि ज्या नमुन्याच्या चिठ्ठीवर गावाचे नावही नाही त्याचे उत्तर आता कोणीही देऊ शकत नाही. आपल्या विद्यार्थ्यांची नोंद पन्नास वर्षांनी कोणी वाचली तर त्याच्यावर ही वेळ येऊ नये, इतकी ती नेमकी असावी. नोंद नवी आहे की जुनी, यापेक्षा मला ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

त्यासाठी गावाबरोबर वाडी, तालुका आणि जिल्हा लिहावा. कुंभवडे नावाची गावे एकाहून अधिक तालुक्यांत आहेत, आणि अशी इतरही अनेक नावे कोकणात आहेत. त्याशिवाय अक्षांश-रेखांश हवेतच. ते मोबाइलवर सहज मिळतात, परंतु उघड्या सड्यावर उभे राहिल्यावरही पहिला आकडा लगेच उतरवून घेऊ नये. थोडा वेळ थांबावे आणि मोबाइल अचूकतेचा जो मीटरमधील अंदाज दाखवतो तोही शेजारी लिहावा. आकडे दशांश अंशांत आहेत की अंश-मिनिटांत, हे स्पष्ट न केल्यामुळे होणारा घोटाळा फार मोठा असतो. अक्षांश १७.३० असे दशांशात लिहिले तर ते स्थान जयगडच्या आसपास येते. तेच कोणी १७ अंश ३० मिनिटे असे वाचले तर ते गुहागरच्या किंचित उत्तरेला जाते. दोहोंत सुमारे २२ किलोमीटरचे अंतर आहे आणि मध्ये शास्त्री नदीची खाडी आहे. जमिनीवर राहणाऱ्या लहान पालीसाठी खाडीचा अलीकडचा सडा आणि पलीकडचा सडा ही दोन अगदी वेगळी ठिकाणे असू शकतात. दशांश चिन्हापुढे चार अंक असले तर स्थान सुमारे ११ मीटरपर्यंत नेमके होते, आणि आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

आता ओळखीबद्दल. एकाच छायाचित्रावर समाधान मानू नये. पाठीचे वरून, डोक्याचे बाजूने आणि शक्य झाल्यास बोटांचे, अशी वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत, आणि एखाद्या छायाचित्रात मोजपट्टी दिसू द्यावी. पट्टे असलेली प्रत्येक लहान पाल हीच असते असे नाही. लेपर्ड गेको या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पालीची पिल्लेही पट्टेदार असतात, पण त्यांच्या डोळ्यांना हलणाऱ्या पापण्या असतात आणि बोटांखाली भिंतीवर चिकटण्यासाठी लागणाऱ्या पट्टिका नसतात. हेमिडॅक्टिलसमध्ये हे नेमके उलट असते. म्हणून डोळा आणि बोटे स्पष्ट दिसणारे छायाचित्र पाठीच्या रंगापेक्षा अधिक बोलके ठरते.

छायाचित्रांसोबत तारीख, वेळ, दगड केवढा होता, त्याखाली माती होती की नुसता कातळ, ओल होती की कोरडे, आजूबाजूला गवत होते की कलमांची बाग, हे सर्व लिहून घ्यावे. किती दगड उचलले आणि त्यांतील किती दगडांखाली काहीच नव्हते, हेही अवश्य लिहावे. त्याचे कारण पुढच्या उत्तरात येईल.

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी आग्रहाने लिहितो. आपल्या भागातील सड्यांवर दगडांखाली फुरसे आणि विंचू असणे ही नेहमीची गोष्ट आहे. कोणीही दगडाखाली बोटे घालू नयेत. दगड आपल्यापासून लांबची कड उचलली जाईल अशा रीतीने, आकड्याच्या काठीने आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली उचलावा. उचललेला दगड होता तसा, होता त्याच जागी आणि हलक्या हाताने परत ठेवावा. पाल खाली असेल तर आधी तिला बाजूला सरकू द्यावे. दगडाखालची ओल आणि गारवा हेच तिचे घर असते, आणि उलटा पडलेला दगड दोन दिवसांच्या उन्हात कोरडा ठणठणीत होतो. पालीला हातात धरण्याची गरज नाही. शेपूट तुटली तर तिचा साठवलेला मेदही जातो.

ही सारी नोंद आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांसारख्या सार्वजनिक संग्रहात छायाचित्रांसह द्यावी आणि तिची एक प्रत शाळेच्या नोंदवहीत ठेवावी. पाल खरोखर हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटसच निघाली, तर पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राला किंवा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पत्र पाठवावे. कोणत्या जातीला किती धोका आहे हे सांगणाऱ्या, जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत ही जाती ‘असुरक्षित’ गणली आहे. तिचे सडे मात्र आपल्या डोळ्यांदेखत बदलत आहेत. कोठे चिरेखाण सुरू होते, तर कोठे कातळात सुरुंग लावून, बाहेरची माती भरून आंब्या-काजूची लागवड होते. लागवड करणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. परंतु ज्या सड्याची नोंदच झाली नाही, त्यावर काय होते हे नंतर सांगणारे कोणी उरत नाही. आपल्या शाळेने हे काम दरवर्षी त्याच सड्यावर करावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रश्न : आमच्या पोफळीच्या बागेत उडता सरडा नेहमी दिसतो. गुहागरला माझे मेहुणे राहतात, त्यांच्याही पोफळी-माडांच्या बागा आहेत, परंतु त्यांना तो आजवर दिसलेला नाही. मग त्याची उत्तरेकडची हद्द कोठे धरायची? नकाशावरची रेघ कोण आणि कशाच्या आधारे ओढतो?
— एक बागायतदार, दोडामार्ग तालुका

उत्तर : आपला सरडा म्हणजे ड्रॅको डुसुमिएरी. केरळ, कर्नाटक आणि गोव्यापासून महाराष्ट्राच्या दक्षिण टोकापर्यंत सह्याद्री आणि त्याच्या पायथ्याशी तो आढळतो. लांबलेल्या फासळ्यांवर ताणलेल्या पडद्याच्या आधाराने तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जातो. नराच्या गळ्याखालची पिवळी झालर फडकली नाही तर सालीवर बसलेला हा सरडा हाताच्या अंतरावरूनही दिसत नाही. मादी अंडी घालण्यासाठी जमिनीवर उतरते, एरवी या सरड्याचे सारे आयुष्य झाडावर जाते. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे. जो प्राणी समोर असून दिसत नाही, तो ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नाही’ असे म्हणण्याला फारसा अर्थ नाही.

समजा, सरडा एखाद्या बागेत खरोखर आहे आणि तासाभराच्या एका फेरीत तो दिसण्याची शक्यता दहांत तीन आहे. मग एका फेरीत तो न दिसण्याची शक्यता दहांत सात झाली. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के उरते, म्हणजे तीन वेळा जाऊन रिकाम्या हाताने परतलेला माणूस काहीच ठामपणे सांगू शकत नाही. आठ फेऱ्यांनंतर ही शक्यता ६ टक्क्यांच्या खाली येते आणि तेव्हा ‘येथे बहुधा नाही’ असे म्हणायला आधार मिळतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षात ही शक्यता ऋतू, वेळ, पाऊस आणि पाहणाऱ्याचा सराव यांवर अवलंबून असते. परंतु यावरून एक गोष्ट स्पष्ट होते की न दिसल्याची नोंद किती वेळ पाहिले यासह लिहिली, तरच तिला किंमत येते. आपल्या मेहुण्यांनी अमुक तारखेला, सकाळी इतक्या वाजल्यापासून इतका वेळ, इतकी झाडे पाहिली आणि सरडा दिसला नाही, असे वर्षभर लिहून ठेवले, तर आपल्या बागेतील नोंदीइतकीच ती वही मोलाची ठरेल. हे त्यांना जरूर कळवा.

नकाशावरील रेघेविषयी. एखाद्या जातीचे क्षेत्र मोजण्याच्या दोन पद्धती तांबड्या यादीसाठी वापरल्या जातात. पहिल्या पद्धतीत सर्व ज्ञात स्थाने आत येतील असा, कोठेही आत न वळणारा, लहानात लहान बहुभुज आखतात आणि त्याचे क्षेत्रफळ काढतात. दुसऱ्या पद्धतीत नकाशावर २ किलोमीटर लांबी-रुंदीच्या चौकटी पाडून, ज्या चौकटीत प्रत्यक्ष नोंद आहे तेवढ्याच मोजतात. प्रत्येक चौकट ४ चौरस किलोमीटरची. कोकणासारख्या चिंचोळ्या पट्टीत या दोन आकड्यांत प्रचंड तफावत पडते, कारण बहुभुजात खाड्या, शहरे, प्रसंगी समुद्राचा तुकडाही येतो, तर चौकटींत फक्त नोंदी येतात आणि जेथे कोणी गेलेच नाही त्या चौकटी रिकाम्या राहतात. पहिले क्षेत्र २०,००० चौरस किलोमीटरांपेक्षा कमी किंवा दुसरे २,००० पेक्षा कमी भरले, आणि त्याबरोबर अधिवास तुटत चालल्याची किंवा जाती घटत चालल्याची ठरावीक लक्षणे असली, तर ती जाती ‘असुरक्षित’ ठरू शकते. म्हणजे एखाद्या गावातील एका नोंदीने चौकटींचा आकडा बदलतो, आणि हद्दीच्या बाहेरील एका चुकीच्या नोंदीने बहुभुज शेकडो चौरस किलोमीटरांनी फुगतो. म्हणूनच सीमेवरच्या नोंदीला छायाचित्राशिवाय स्वीकारत नाहीत, आणि तसे करणे योग्यच आहे.

वाचकांनी नकाशा पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की रेघेच्या पलीकडे कोरी जागा दिसते ती दोन कारणांनी कोरी असते. एक तर तेथे प्राणी नाही, किंवा तेथे कोणी शोधले नाही. छापील नकाशात ही दोन्ही कारणे एकाच पांढऱ्या रंगात दिसतात. दोडामार्ग ते गुहागर या पट्ट्यात कणकवली, राजापूर, लांजा, संगमेश्वर असे तालुके आहेत, सह्याद्रीचा पायथा आहे आणि ठिकठिकाणी पोफळीच्या बागाही आहेत. हद्द ठरवायची तर या मधल्या तालुक्यांतून, एकाच पद्धतीने, एकाच हंगामात पाहणी करावी लागेल. आपल्यासारखे दहा बागायतदार जरी जुळले तरी ते शक्य आहे.

प्रश्न : कुंपणावरचा साधा सरडा सगळीकडे आहे. त्याची नोंद करून काय उपयोग?
— एक वाचक, दापोली

उत्तर : उपयोग मोठा आहे. ज्याला आपण एक जाती समजत होतो, ती अनेक निघण्याची उदाहरणे गेल्या काही वर्षांत आपल्याच देशात घडली. गळ्याखाली पंखा फुलवणाऱ्या सरड्यांना दीर्घकाळ बहुतेक ठिकाणी सिताना पाँटिसेरियाना हेच नाव दिले जात होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्या गटातून सारडा हा नवा वंश वेगळा केला आणि पाच नव्या जातींचे वर्णन केले. त्यांपैकी सारडा सुपर्बा ही साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची. आपल्या कुंपणावरचा कॅलोटेस व्हर्सिकलर हाही अनेक जातींचा समूह असल्याचे २०२१ साली दाखवले गेले. जाती विभागल्या की जुन्या नोंदी नव्याने वाटाव्या लागतात, आणि ज्या नोंदीमागे छायाचित्र किंवा नमुना नाही ती कोणत्याच वाट्याला जात नाही. ‘दापोली, साधा सरडा’ एवढीच ओळ असेल तर ती त्या दिवशी निरुपयोगी होते.

शिवाय कोकणात साधा समजून सोडून दिलेला सरडा दुसराच असण्याचा संभव असतो. मोनिलेसॉरस रुक्साय हा दाट झाडीतील सरडा २०१८ पर्यंत कॅलोटेसमध्येच गणला जात असे. विणीच्या काळात त्याच्या नराचे अंग काळपट आणि डोके लालसर होते, तर साध्या सरड्याच्या नराचे डोके आणि गळाही तांबडे होतात. घाईत दोघांची गल्लत सहज होते. साध्या सरड्याच्या अंगावरचे खवले मागे आणि वरच्या दिशेला वळलेले असतात आणि खांद्यापुढे घडी नसते. रुक्सायच्या खांद्यापुढे बारीक खवल्यांची तिरकी घडी असते. म्हणून सरड्याचे छायाचित्र बाजूने, खांदा स्पष्ट दिसेल असे घ्यावे.

प्रश्न : आंब्याच्या पेट्या भरून परत आलेल्या ट्रकमध्ये आमच्याकडे कधी न पाहिलेली पाल निघाली. ही देवगडची नोंद धरावी का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : नोंद जरूर करावी, परंतु ‘वाहनातून आलेली, एकच, अमुक ठिकाणाहून आलेल्या ट्रकमध्ये’ असे स्पष्ट लिहून. घरात राहणाऱ्या पाली माणसाच्या मालाबरोबर समुद्रही ओलांडतात. आपल्याकडच्या भिंतीवरील पिवळ्या पोटाच्या पालीचे, हेमिडॅक्टिलस फ्लॅव्हिव्हिरिडिसचे, १८३५ साली झालेले पहिले वर्णन तांबड्या समुद्रावरील मासावा बंदरातील नमुन्यावरून आहे. चुकचुकणारी हेमिडॅक्टिलस फ्रेनॅटस ही पाल तर माणसामागोमाग ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेपर्यंत पोहोचली आहे. एक पाल आली म्हणजे जाती वसली असे होत नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत त्याच आवारात पिल्ले किंवा अंडी दिसली, तर ती वसल्याचा पुरावा मिळेल, आणि तेव्हा आपली पहिली तारीख फार उपयोगी पडेल. रोपवाटिकेतून आलेली कुंड्यांतील रोपे, लाकूड आणि चिरे यांच्याबाबतही हीच दक्षता घ्यावी.

प्रश्न : नेमके ठिकाण सर्वांसाठी खुले करणे योग्य आहे का? तसेच ओळख पटवण्यासाठी प्राणी पकडून ठेवला तर चालेल का?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, मालवण

उत्तर : पकडून ठेवू नये. घोरपड ही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिला पकडणे हा गंभीर गुन्हा आहे. नमुने गोळा करण्याचे काम परवानगी असलेल्या संस्थांनीच करावे. आपल्यासाठी छायाचित्र पुरेसे आहे.

ठिकाणाबाबत जातीनुसार वेगळा विचार करावा. कुंपणावरच्या सरड्याचे स्थान लपवण्याचे कारण नाही. मात्र ज्यांचा पाळीव प्राण्यांच्या व्यापाराकडून शोध घेतला जातो अशा पालींचे, किंवा एखाद-दुसऱ्या सड्यावरच उरलेल्या जातींचे, नेमके अक्षांश-रेखांश समाजमाध्यमांवर टाकू नयेत. छायाचित्राच्या फाइलमध्येही स्थान दडलेले असते, तेही काढून टाकावे. आयनॅचरलिस्टवर धोक्यातील अनेक जातींचे स्थान आपोआप सुमारे २२ किलोमीटरच्या चौकटीत अंधुक केले जाते, आणि इतर नोंदींसाठी आपणही तसा पर्याय निवडू शकता. अंधुक नोंद अभ्यासकाला मात्र अपुरी पडते. म्हणून नेमके आकडे स्वतःच्या वहीत जपून ठेवावेत आणि एखाद्या संस्थेने कामाचे स्वरूप सांगून लेखी मागितले तर द्यावेत. सडा खासगी मालकीचा असेल तर मालकाला आधी विचारावे, आणि तेथे काय सापडले हे त्यांना सर्वांत प्रथम सांगावे, कारण त्या सड्याचे पुढे काय करायचे हे बहुधा त्यांच्याच हातात असते.